मोठ्याईच्या घरात माणसं दोन

पुलगावात मला सगळ्यात आधी पाठ झाला तो गिरणीचा भोंगा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. पहाटेच्या भोंग्याला आई चूल पेटवायची, त्यानंतरच्या भोंग्याला बाबा आंघोळीला जायचे आणि दुपारचा भोंगा झाला की समोरच्या रस्त्यानं सुताचे तंतू केसांत अडकलेली माणसं डबे हलवत परतायची. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं नहाणी, आणि नळ चाळीच्या टोकाला. नळाची रांग, जुळ्या भावांची भांडणं, तान्ह्या बहिणीचं रडणं आणि या सगळ्यावर आईचा आवाज. ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा तुरीचं वरण, आणि बाजाराच्या दिवशी वांगी. आई वांग्याची भाजी झणझणीत करायची आणि मग माझ्याकडे बघायची. तिला विचारायचं असायचं की तिकडच्यासारखी झाली का. तिनं ते कधी विचारलं नाही आणि मीही कधी आपण होऊन सांगितलं नाही.

‘तिकडं’ म्हणजे हिवरखेडीला, मोठ्याईकडे. मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी पाहिलेच नाहीत, ते फार आधी वारले. तिला मूलबाळ नव्हतं, चार एकर शेत होतं आणि ते ती बटईनं, अर्ध्या वाट्यावर, लावायची. माझे जुळे भाऊ झाले तेव्हा आई फार आजारी पडली. मी तीन वर्षांची होते. दोन महिन्यांसाठी म्हणून मला मोठ्याईकडे पोचवलं आणि मी तिथं सात वर्षं राहिले. यात कुणाची चूक नव्हती. आधी आई आजारी होती, मग दोन पोरं लहान होती, मग मी तिथल्या शाळेत जायला लागले. हिवरखेडीची शाळा चौथीपर्यंत होती. चौथी झाली, दिवाळी झाली आणि बाबा मला न्यायला आले. पाचवीच्या वर्गात मला मध्येच बसवून घेतलं, कारण त्याच शाळेत बाबा मास्तर होते.

पहिले काही शनिवार मी हिवरखेडीला जात असे. कापसाच्या हंगामात गावच्या बैलबंड्या माल घेऊन पुलगावला यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. शेजारच्या नामदेवकाकांच्या बंडीत पोत्यावर बसून मी जायची आणि सोमवारी पहाटे कुणाच्या तरी बंडीनं परत यायची. संक्रांतीनंतर आईनं ते बंद केलं. बाबांना म्हणाली, “तिकडून आली का दोन दिवस माह्याशी बोलत नाई ते. पाहुनी आल्यावानी बसते. आता राहू द्या इथंच, रुळन.” बाबांनी मान हलवली. मला आईचा राग आला होता हे खरं आहे, आणि पुलगाव मला आवडायला लागलं होतं हेही तितकंच खरं आहे. शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली आमच्या बाई मला द्यायच्या. कुठलं पुस्तक कोणी नेलं याची वही मी ठेवत असे. आयुष्यात मी पुढं असंख्य याद्या केल्या. घरातले लोक त्यावरून माझी थट्टा करतात. पण ती पहिली वही हातात आली तेव्हा मला जे वाटलं होतं ते अजून आठवतं. पुलगावात मला काम मिळालं होतं.

त्या वर्षी शिरगणती आली, स्वातंत्र्यानंतरची पहिली. मास्तरांच्या माथी ती येणारच होती. बाबांकडे आमची चाळ, पलीकडच्या दोन चाळी आणि रुळांच्या बाजूच्या टिनाच्या खोल्या आल्या. बाबांनी दारोदार गेरूनं आकडे घातले आणि संध्याकाळी शाळा सुटली की कागद, दौत आणि टाक घेऊन ते बाहेर पडायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येक दारात सांगायचे: माणूस नेहमी जिथं जेवतो आणि झोपतो तिथला. आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत गिरणीतली आठ माणसं राहायची आणि खाटा होत्या चार. चौघं पाळीवरून आले की चौघं पाळीला जायचे, खाट कधी गार पडायची नाही. बाबा तिथं गेले तेव्हा मी पडवीत भावांची पाटी पुसत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

“गाव कोणतं?”

“तळेगाव, गुरुजी. पन मी इथला नाई बरं. इथलं नका लिवू.”

“झोपतोस कुठं?”

“खाटीवर.”

“खाट कुठं आहे?”

“हे काय, इथंच.”

“तळेगावला कधी गेलतास?”

“पोळ्याले.”

“आणि त्याच्या आधी?”

“मांगच्या पोळ्याले.”

आत हशा झाला. दुसरा कुणीतरी म्हणाला, “गुरुजी, लिवा त्याले बैलासंगं!” बाबाही हसले असावेत. मग तो तळेगाववाला म्हणाला, “पन गुरुजी, माही माय तिकडं सांगनच ना माह्यं नाव. तिले काय मालूम तुमचा नियम?”

“तिनं सांगायला नको.”

“मंग तुमीच जाऊन सांगा तिले. मले तं सांगवत नाई.”

बाबा रात्री जेवताना म्हणाले, “एवढं गाव फुगलं, खोलीला खोली लागून राह्यली, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो मी इथला नाही. मग पुलगावात राहतं तरी कोण?” आई म्हणाली, “आपन कुठले म्हनता तुमी?” आमचंही सामान हिवरखेडीहून आलं होतं, एका बंडीत, आणि लग्नपत्रिकांवर बाबा अजून तिकडचंच नाव घालत.

पुलगाव फुगत होतं ते कुठून, हे मला बंडीत बसून जाताना दिसलं होतं. हिवरखेडीत आमच्या आळीतली सहा घरं मला नावानिशी येत होती. सुताराचं घर आधी बंद झालं, तो गिरणीत लागला. मग न्हाव्याचं, तो पुलगावच्या लष्करी डेपोच्या वाटेवर खुर्ची मांडून बसला. वाण्यानं दुकान ठेवलं पण मुलं जवळच्या देवळीला धाडली. एका घराच्या छपराची तर कवेलूही विकली गेली होती आणि उघड्या खोलीत एरंड उगवले होते. मोठ्याईला त्याचं फार लागायचं. ती बंद घरांच्या दारांसमोरही झाडायची. “लक्षुमी येईन तं कचरा पाहून परत जाईन,” म्हणायची. कुणाची लक्ष्मी, असं मी विचारलं की खराटा घेऊन पुढच्या दाराकडे वळायची. आता पुलगावची मुलं नागपूरला आणि पुण्याला गेली. मी स्वतः पुढं मास्तरीण झाले, माझ्याही वाट्याला दोनदा शिरगणतीचं काम आलं, आणि पुलगावच्या पक्क्या सिमेंटच्या घरांतून म्हाताऱ्यांनी मला पुण्यातल्या मुलांची नावं घरात राहतात म्हणून सांगितली. त्यांना मी बाबांचा नियम सांगत असे, पण आवाज जरा खाली घेऊन.

शिरगणतीची सगळी घरं एकदा झाली की शेवटी पुन्हा एक फेरी असायची. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी गेलं, ते दुरुस्त करायचं. त्या फेरीच्या आधी सगळ्यांना देवळीला बोलावलं होतं. हिवरखेडीची मोजणी करणारे तिथले पटवारी बाबांना भेटले. जुने ओळखीचे, गावात सगळे त्यांना पटवारीबुवा म्हणत. त्यांनी आनंदानं खुशाली सांगितली, “वहिनीबाई ठीक आहेत. घरात मानसं दोन, त्या न तुमची कुसुम.” बाबा तिथंच थांबले. त्यांच्या स्वतःच्या कागदात आमच्या घरात माणसं सहा होती आणि त्यातली तिसरी मी होते.

पटवारीबुवा म्हणाले म्हणे, “त्यात काय गुरुजी, आत्ताच रेघ मारतो.” पण बाबांनी मारू दिली नाही. ज्यानं नाव सांगितलं त्याला विचारल्याशिवाय खोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. आई कांदा चिरत होती. तिनं वर न बघता विचारलं, “दोन सांगितले?” आणि मग, “जाऊन खोडून या. पोरीलेही घेऊन जा. तिच्यासमोर होऊन जाऊ द्या एकदाचं.”

रविवारी आम्ही गेलो. शेतांतला कापूस शेवटच्या वेचणीला आला होता, नाल्याकाठी पळस लाल झाले होते. मोठ्याई अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत होती. तिला मी दीड महिना भेटले नव्हते. तिनं सूप खाली ठेवलं, माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि बाबांना म्हणाली, “वाळली वो भाऊजी हे. काय खाऊ घालता तिकडं, पुस्तकं?” मग आत जाऊन उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली माझ्यापुढं ठेवली. ठरल्याप्रमाणे पटवारीबुवा आले, खाटेवर बसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि बाबांकडे बघत राहिले. कुणी सुरुवात करायची याचा काही नियम नव्हता.

“वहिनी,” बाबा म्हणाले, “शिरगणतीत तुम्ही माणसं दोन सांगितली.”

“हो. किती सांगाची होती?”

“कुसुम आता पुलगावला असते.”

“असते ना. शाळेत जाते. शाळेत गेलेलं लेकरू घरचं नसते का?”

“तसं नाही. माणूस जिथं जेवतो, झोपतो...”

“तिची वाकळ इथं आहे. ताट इथं आहे. पाहाचं का?” ती खरंच उठायला लागली. बाबांनी हातानं बसा बसा केलं.

“वहिनी, तिचं नाव दोन्हीकडे झालं. एक माणूस दोनदा मोजलं गेलं. सरकारचा हिशेब चुकतो.”

मोठ्याईनं सूप पुन्हा हातात घेतलं. दोनदा पाखडलं. “पुलगावात मानसं मोजता मोजता तुमचा हात दुखून राह्यला असन मास्तर,” ती म्हणाली. भाऊजींचे मास्तर झाले तेव्हा मी शेंगा सोलायची थांबले. “तिथं एक जास्ती झालं काय न कमी झालं काय. इथं दोनातून एक काढलं तं मांगं काय राह्यते, ते सांगा.”

पटवारीबुवा खोकले. बाबांनी त्यांच्याकडून पुस्तक मागून घेतलं, मला वाटतं केवळ खाली बघायला मिळावं म्हणून. त्यांनी पान काढलं. बाबा वाचत होते तेव्हा मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. पहिल्या ओळीत मोठ्याईचं नाव होतं आणि नात्याच्या जागी ‘स्वतः कुटुंबप्रमुख’. दुसऱ्या ओळीत माझं नाव, वय दहा, आणि नात्याच्या जागी ‘मुलगी’.

तिथं पुतणी असायला हवं होतं. बाबांना हे कळलं नसेल असं होणं शक्य नाही. शाळेच्या दाखल्यातला एक काना चुकला तरी ते मुलांना परत पाठवायचे. त्यांनी बोट त्या शब्दाखाली ठेवलं आणि पटवारीबुवांकडे पाहिलं. पटवारीबुवा हळूच म्हणाले, “तसंच सांगितलं त्यांनी. म्या फिरून विचारलं. फिरून तेच सांगितलं.”

बाबांनी बोट उचललं. मग त्यांनी पुस्तक मिटलं. “पटवारीबुवा, इथलं राहू द्या. मी माझ्याकडचं खोडतो.”

“पन गुरुजी, पोरगी तं तिकडं...”

“ती इथं राहील. ती इथं राहिली म्हणजे नोंद खरी झाली.” आणि माझ्याकडे वळून, वर्गात विचारतात तशा आवाजात, “कुसुम, राहशील ना इथं?”

खोटी नोंद करणं बाबांना जमण्यातलं नव्हतं. मोठ्याईला नाही म्हणणंही त्यांना जमलं नाही. म्हणून त्यांनी तिसराच रस्ता काढला आणि तो माझ्यावरून गेला. आज मी त्यांच्या त्या दिवसाच्या वयापेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि त्यांना दोष देत नाही. पण त्या क्षणी मला हो म्हणायचं होतं. मोठ्याईच्या हाताखाली मी वाढले होते, तिच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय मला कित्येक वर्षं झोप येत नसे. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकांचं कपाट होतं, वही होती, दशांश अपूर्णांक अर्ध्यावर राहिले होते, आणि इथं चौथीपुढं वर्ग नव्हता. तुरीचा एक दाणा बोटांत धरून मी नुसती बसून राहिले.

मोठ्याई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ताप आहे का हे पाहताना बघायची तशी. मग तिनं सूप बाजूला सारलं, हात लुगड्याला पुसले आणि उभी राहिली.

“खोडा वो पटवारीबुवा.”

“वहिनी, अहो...” बाबा म्हणाले.

“काय वहिनी? चवथीच्या पुढं शाळा हाये का गावात? इथं राहून काय करन हे, माह्यासंगं तुरी झोडपन? तुमी मास्तर हा का कोन हा?” मग पटवारीबुवांना, “खोडाचं तं नीट खोडा. अर्धं-मुर्धं नाई. मांगून कोनाले वाचता आलं नाई पायजे.”

पटवारीबुवांनी टाक दौतीत बुडवला. मला नाव खोडताना आवाज येतो हे त्या दिवशी कळलं. कागद जाड होता. त्यांनी एकदा रेघ मारली, मोठ्याई उभीच होती, म्हणून आणखी दोनदा मारली. माणसं दोनच्या जागी एक केलं. मोठ्याई तोवर चुलीकडे गेली होती आणि भाकर थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. जेवताना ती सगळ्यांना आग्रह करत होती, पटवारीबुवांनाही, आणि वांग्याच्या भरताला तेल कमी पडलं म्हणून स्वतःलाच बोल लावत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, “सरक, चटका बसन.” निघताना तिनं जवसाच्या चटणीची पुरचुंडी बाबांच्या पिशवीत टाकली. एरवी ती मारुतीच्या देवळापर्यंत पोचवायला यायची. त्या दिवशी अंगणातच थांबली. “तुरी तशाच पडल्या,” म्हणाली.

मी तिथं हो म्हटलं नाही, हे मला आजही लागतं. मी हो म्हटलं असतं तरी तिनं खोडायलाच सांगितलं असतं, याबद्दल मला शंका नाही. फक्त तिला तो हो ऐकायला मिळाला असता.

घरी पोचलो तेव्हा आई पोळपाट घेऊन बसली होती. “झालं?” तिनं विचारलं. बाबांनी पिशवी खुंटीला लावली आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. स्वतः काय कबूल करून बसले होते तेही सांगितलं. आईचं लाटणं थांबलं. मला वाटलं आता ती भडकणार. आपली मुलगी न विचारता कुणाला देऊन येणाऱ्या माणसावर कुठलीही बाई भडकेल. पण तिनं एवढंच विचारलं, “मुलगी म्हनून सांगितलं?”

“हो.”

“न मंग खोडाले कोनं सांगितलं?”

“वहिनींनीच.”

आईनं पुढची पोळी लाटली, भाजली, जुळ्यांना वाढली. त्या आठवड्यात माझे केस विंचरताना मात्र तिचा हात हळू चालायचा.

शनिवारी शाळा सुटून मी घरी आले तर आई इरकल लुगडं नेसून पडवीत उभी होती आणि तान्ही तिच्या कडेवर होती. नामदेवकाकांची बंडी दारात होती. जुळे बाबांजवळ राहणार होते. आई हिवरखेडीला जात नसे. मला तिकडं ठेवल्यापासून सणावारी गेली असेल तेवढीच, आणि तेव्हाही डोक्यावरचा पदर न हलवता बसायची. बंडीत ती माझ्या शेजारी पोत्यावर बसली. चाक खड्ड्यात गेलं की ती माझा हात धरायची आणि वर आलं की सोडायची विसरायची.

मोठ्याई दारासमोरचं झाडत होती. पलीकडच्या बंद घरापर्यंत तिचं झाडून झालं होतं. बंडी थांबली तशी ती सरळ उभी राहिली आणि आईला बघून तिच्या हातातला खराटा तसाच राहिला. काही वाईट घडलं असं तिला वाटलं असावं. आई उतरली, बाळाला सावरलं, मला हाताला धरून अंगणात आणलं आणि पदर नीट करून म्हणाली,

“बाई, तुमची पोरगी आनली. आजपासून शनवारची तुमच्याजवळ राहीन. रविवारी सांजच्यानं घेऊन जाईन मी.”

मोठ्याईनं खराटा भिंतीला टेकवला, आईच्या कडेवरची तान्ही स्वतःकडे घेतली आणि तिच्या टाळूवर हात ठेवला. मग आईला म्हणाली, “उभी काऊन वं? बस ना. तुलेही भाकर टाकतो.”

त्या संध्याकाळी चुलीपुढं आम्ही चौघी जेवलो.